तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे आले, मग गाडी तीच का?

रिंगरोडमध्ये गेलेल्या जमिनीचे पैसे माझ्या खात्यावर जमा झाल्यापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये शेजारी दुचाकी थांबते आणि ओळखीचा चेहरा खिडकीतून डोकावतो, "ताई, अजून वॅगनआरच?" पुण्यातली मैत्रीण जरा सभ्यपणे विचारते, अचानक एवढे पैसे आले की माणूस गाडी बदलतोच ना गं? माहेरची चुलत आत्या मात्र आडपडदा ठेवत नाही. "वाटा घेतलास म्हणं. दिसत तर काय न्हाई कुठं."

आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते. माझी गाडी बदलली नाही. माझ्या माहेरच्या शेजाऱ्याची बदलली.

मी विम्याचं काम करते. आयुर्विम्याचं आणि गाड्यांच्या विम्याचंही. त्यामुळे आमच्या भागात कोणाच्या दारात काय आलं हे मला शेजाऱ्यांच्याही आधी कळतं. शोरूमवाल्याच्या खालोखाल विमा एजंटालाच माहीत असतं की गाडी रोखीची आहे की हप्त्याची आणि आरसी बुकावर नाव कोणाचं आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येणार आहे.

आमचं माहेरचं गाव खेड तालुक्यात, चाकण आणि आळंदीच्या मधल्या पट्ट्यात. या पट्ट्याला जमीन जाणं नवं नाही. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज पिंपरीहून चाकणला आली, मागोमाग महिंद्राचा मोठा कारखाना उभा राहिला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण गाड्यांचं गाव झालं. वावर देऊन कारखाना आला आणि वावराच्या पैशातून गाडी आली. त्यातही गंमत बघा. इथल्या प्रत्येक तरण्या पोराला जी हवी असते ती फॉर्च्युनर आमच्याकडे होतच नाही, ती येते बंगळुरूजवळच्या बिडदीहून. स्कॉर्पिओ-एन मात्र खास चाकणची. पण गावात तिचा मान एक पायरी खालीच. घरच्या गाडीचं कौतुक कोणाला?

नंतर आला रिंगरोड. पुण्याभोवतीचा हा रस्ता ११० मीटर रुंद. आखणी झाली त्या दिवशी गावातल्या लोकांचे दोन भाग पडले, रस्त्यात जाणारे आणि राहणारे. ज्यांची जमीन जाणार होती ते आधी मोर्चाला गेले, मग वकिलाकडे, आणि मग कागदं गोळा करायला लागले. त्यामागे हिशेब होता. २०१३च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला गुणक लागतो, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, आणि संमतीने जमीन दिली तर राज्याच्या धोरणाप्रमाणे वर आणखी २५ टक्के. शिवाय त्याच कायद्याच्या ९६व्या कलमानुसार या रकमेवर आयकर नाही. प्रांत ऑफिसची नोटीस, मोजणी, निवाडा असं सगळं महिनोन् महिने रखडतं. आणि मग एके दुपारी, ज्या माणसाने आयुष्यात एकरकमी पाच लाख पाहिले नाहीत त्याच्या मोबाइलवर आठ आकडी रक्कम जमा झाल्याचा मेसेज येतो.

ही रक्कम म्हणजे कमाई नव्हे, मुद्दल आहे, एवढं काही तो मेसेज सांगत नाही. पगार पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. जमीन परत येत नाही.

माझ्या खात्यावर पैसे आले कारण सातबाऱ्यावर माझं नाव होतं. ते असणं तसं अलीकडचं. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला १९९४ साली, सगळ्या देशात तो कायदा झाला २००५ साली, आणि २००५ला वडील हयात होते की नव्हते हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने मिटवला २०२०च्या ऑगस्टमध्ये. कायदा गेला पुढे, रीत राहिली तिथेच. एमआयडीसीच्या वेळी माझ्या आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. भावांनी साडी-चोळी केली, पुरणपोळीचं जेवण घातलं. आत्या खुशीत परत गेल्या. माहेर तुटू नये म्हणून आमच्या बायकांनी किती एकर सोडले याचा हिशेब कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात नाही.

मी सही केली नाही. भांडलेही नाही. "नाव आहे तसं राहू दे" एवढंच म्हटलं. दादा काही महिने बोलला नाही. मग भाऊबीजेला आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं आणि ताटात नेहमीपेक्षा जास्त टाकले. आमच्यात तो विषय तिथेच संपला. गावात संपला नाही. कारण गावाच्या हिशेबात, बाईने वाटा मागितला म्हणजे तिला काहीतरी मोठं हवं असणार. एखादा फ्लॅट, सोनं, निदान गाडी तरी. तिने वाटा घेतला आणि त्याच जुन्या गाडीतून हिंडते, म्हणजे नुसती हटवादीच असली पाहिजे! मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात हा अर्थ असतो. पुरुषाला "गाडी कुठली घेतली?" विचारतात, मला "का नाही घेतली?" विचारतात.

आता गाड्यांबद्दल, कारण तो माझा धंदा आहे.

हिशेबाला सोपं म्हणून ४० लाख शोरूम किमतीची डिझेल गाडी धरा. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात एकरकमी कर १५ टक्के, म्हणजे ६ लाख गेले. हे पैसे गाडीत नाहीत, ते सरकारकडे आहेत, गाडी विकताना कोणी देणार नाही. पहिल्या वर्षाचा विमा लाखाच्या पुढे. मग घसारा. विम्याच्या तक्त्यात तो छापील असतो. गाडी शोरूमबाहेर आली की ५ टक्के, सहा महिन्यांनी १५, वर्ष झालं की २०, दोन वर्षांनी ३०, तीनला ४०, चार वर्षांनंतर ५०. म्हणजे पाचव्या वर्षी ४० लाखांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, २० लाख. म्हणजे २० लाख उतरले, कराचे ६ धरून पाच वर्षांत २६ लाख गेले. महिन्याला त्रेचाळीस हजारांच्या आसपास, डिझेलचा एक थेंब न घालता. फॉर्च्युनर बाजारात तक्त्यापेक्षा चांगल्या भावाला जाते हे मान्य, टोयोटाची ती ख्याती आहे. पण म्हणून ती गुंतवणूक होत नाही, आमच्याकडे लोक अगदी त्याच शब्दात सांगतात तरीही.

वर नंबर. २०२४ मध्ये राज्याने पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले, आणि '०००१' साठी पुणे-मुंबईसारख्या शहरांत ६ लाख मोजावे लागतात. माझी वॅगनआर नवी घेतली तेव्हा तिला एवढे पडले नव्हते.

हा हिशेब मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. एक तर माझं कमिशन बुडेल. आणि दुसरं म्हणजे, तो काय विकत घेतोय हे मला कळतं. आमच्या दादाचंच घ्या. पूर्वी तो पुण्याला कोणाच्या लग्नाला गेला की कार्यालयाच्या गेटवरचा माणूस त्याला मोटरसायकल मागच्या बाजूला लावायला सांगायचा. बँकेत पीककर्जाचं विचारायला गेला की "नंतर या." आता त्याच गेटवर साखळी आपोआप खाली जाते. बँकेत मॅनेजर केबिनबाहेर येतो, चहा सांगतो. माणूस तोच, धोतर-टोपीवाल्या बापाचा मुलगा, बोलणंही तेच. मध्ये फक्त दोन टनांचं लोखंड आलं. पन्नास वर्षं जे मिळालं नाही ते एका गाडीने मिळत असेल तर ती महाग आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

'गुंठामंत्री', म्हणजे जमिनीच्या पैशावर अचानक श्रीमंत झालेले, म्हणून आमच्या लोकांना हसणाऱ्या शहरातल्या मंडळींचा मला म्हणूनच राग येतो. सात वर्षांच्या कर्जावर गाडी घेऊन ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवणाऱ्याला कोणी टोपणनाव दिलेलं ऐकलंय? शिवाय गाडी दिसते म्हणून तेवढीच मोजली जाते. दादाने आधी शिरूरकडे जमीन घेतली, विकास सोसायटीचं कर्ज फेडलं, घरावर स्लॅब टाकला, धाकटीचं लग्न केलं. गाडी सगळ्यात शेवटी. पण शिरूरची जमीन कोणी अंगणात लावून दाखवू शकत नाही. बातमीला फोटो हवा असतो, फोटोत गाडी येते.

मग मी का नाही घेतली?

आधी ते शेजाऱ्याचं सांगते. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. तिचा अभ्यास झाला तेव्हा दर आठवड्याला एक पिनकोड निघायचा, आणि त्या पिनकोडमध्ये ज्यांनी तिकीट काढलं असेल त्यांना रोख बक्षीस आणि नवी बीएमडब्ल्यू मिळायची. पिनकोड म्हणजे आपल्यासारखा अख्खा तालुका नव्हे, तिथे एका पिनकोडमध्ये जेमतेम एका आळीतली घरं येतात. शेजारच्या घराने तिकीट काढलेलं नसेल तर त्यांना काहीच नाही. काही अर्थशास्त्रज्ञांनी या आळ्यांचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बीएमडब्ल्यू लागली त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती विकून पैसे करून घेतले. आणि ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, पण ज्यांच्या शेजाऱ्याला बक्षीस लागलं होतं, त्यांचा गाड्यांवरचा खर्च इतरांपेक्षा वाढला.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे लोक आमच्या आळीत येऊन गेले की काय.

आमच्या माहेरच्या घरासमोर ज्यांचं घर आहे त्यांचा एक गुंठाही रस्त्यात गेला नाही. आखणी त्यांच्या बांधाला खेटून गेली. आधी ते नशिबवान ठरले, जमीन वाचली म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पैसे वाटप झालं तसे ते कमनशिबी झाले. दारात रोज सकाळी दादाची पांढरी गाडी धुतली जाते, पाणी वाहत त्यांच्या उंबऱ्यापर्यंत येतं. वर्षाच्या आत त्यांच्याकडे स्कॉर्पिओ-एन आली, कर्जावर. विमा माझ्याकडूनच घेतला. पुढे हप्ते तुंबले तेव्हा त्यांनी अर्धा एकर विकला. जो रस्ता त्यांना एका फुटाने चुकला होता, त्याने शेवटी त्यांची जमीन घेतलीच, आणि तीही वाढीव मोबदला न देता.

अशी घरं एक-दोन नाहीत. माझ्या वह्यांमध्ये हप्त्यावरच्या गाड्यांचा भरणा त्यांचाच आहे, ज्यांना काही मिळालं नाही त्यांचा. ज्यांना मिळालं ते रोखीने घेतात. घसारा दोघांनाही सारखाच लागतो, पण रोखीवाल्याला तो मुद्दलातून लागतो आणि हप्तेवाल्याला अजून न मिळवलेल्या पैशातून. म्हणून अचानक पैसा आला तर गाडी बदलते का, याचं माझं उत्तर "हो, पण कोणाची ते बघा" असं आहे. मी नवी मोठी गाडी माझ्या दारात उभी केली असती तर आमच्या सासरच्या गल्लीतला कोणीतरी बँकेत गेला असता. त्याच्या विम्याचं कमिशन मला मिळालं असतं हे खरं, पण ते पैसे मला नको आहेत.

हे ऐकून लोक म्हणतात, "किती साध्या हो ताई तुम्ही." आणि मग दाखले देतात. आयकियाचे कामप्राड म्हातारी व्होल्वो चालवायचे. वॉलमार्टचे सॅम वॉल्टन देशातले सगळ्यात श्रीमंत असून १९७९च्या फोर्ड पिकअपमधून फिरायचे. आपले अझीम प्रेमजी. ही तुलना थांबवा अशी माझी विनंती आहे. वॉल्टन यांचा तो पिकअप आज बेंटनव्हिलच्या संग्रहालयात ठेवलाय, लोक तिकडे जाऊन त्याच्याबरोबर फोटो काढतात. ज्याच्या श्रीमंतीबद्दल कोणालाच शंका नाही त्याची जुनी गाडी साधेपणा ठरते. माझ्यासारखीची जुनी गाडी ही नुसती जुनी गाडी असते, आणि त्यात गैर काही नाही. साधेपणाचं पदक मला नको.

तशी स्वस्त गाडीची या देशात काय गत झाली हे आपण पाहिलंयच. रतन टाटांनी २००९ साली लाखाची नॅनो आणली. पावसात स्कूटरवरून चौघं जाताना पाहून सुचलेली गाडी, हेतू इतका चांगला की काय सांगावं. पण 'सगळ्यात स्वस्त' ही पाटी कपाळावर घेऊन हिंडायला कोणी तयार झालं नाही. आमच्याकडे एकाने घेतली होती, त्याच्या मुलीच्या सोयरिकीला पाहुणे यायचे तेव्हा तो ती भावाच्या गोठ्यात नेऊन लावायचा.

उलट मला आवडतात त्या बबिता ताडे. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवायच्या, २०१९ मध्ये केबीसीत १ कोटी जिंकल्या. काय घ्यायचंय विचारल्यावर त्यांनी मोबाइल सांगितला होता, घरात एकच होता म्हणून. ज्याची अडचण आहे ते घ्यावं, इतकं सरळ.

त्या हिशेबाने माझ्या गाडीत एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. माझी वॅगनआर २०१३ची. एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस नाही. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली २०१९च्या जुलैमध्ये, तोवर ती वरच्या मॉडेलमध्ये जादा पैसे भरणाऱ्यालाच मिळायची. नंतरच्या, दोन एअरबॅग असलेल्या वॅगनआरलासुद्धा ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३च्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला, मग माझीची काय कथा. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या मधून जाताना हे डोक्यात असतं. मी अपघाताचे क्लेम भरते, फोटो बघते. लोखंड चेपलेलं बघून घाबरणारी नाही, पण स्टीअरिंगवरचे डाग बघवत नाहीत.

म्हणजे गाडी बदलायला हवी आहे. पण त्याला जमिनीचे पैसे लागत नाहीत, हा मुद्दा आहे. २०२५ मध्ये घटस्थापनेपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आता वॅगनआरमध्येही सहा एअरबॅग येतात. मला जे हवंय ते माझ्या कमिशनच्या पैशात, फार तर थोड्या कर्जात येतं. फॉर्च्युनरमध्ये एअरबॅग सातच असतात, एकीने काय होणार? जमिनीचे पैसे जिथे आहेत तिथे राहतील. कुठे ते सांगणार नाही, आकडाही नाही. मुलीचं शिक्षण आणि माझं म्हातारपण एवढं समजा.

तरी इतके दिवस बदलली का नाही, याचं खरं कारण वहिनी.

मघाशी आरसी बुकावरच्या नावाचं म्हटलं होतं. जमिनीच्या पैशातून आलेल्या गाड्यांची मी जी कागदपत्रं करते त्यांत बाईचं नाव क्वचित असतं. असलं तर ते कर सल्लागाराने सुचवलं म्हणून. आणि गाडी चालवणारी बाई तर मला आठवतच नाही. दादाच्या घरी तीच गत. गाडी दादा चालवतो, पुतण्या चालवतो. वहिनी मागच्या सीटवर बसतात, तेही लग्नाला किंवा जेजुरीला जायचं असेल तर. एरवी त्या पहाटे उठतात, दोन म्हशींचं दूध काढतात आणि किटल्या स्कूटीच्या पुढ्यात अडकवून डेअरीला जातात. पावसाळ्यात चिखलातून, अंगणातल्या ४० लाखांना वळसा घालून. जमीन गेली तरी म्हशी त्यांनी विकू दिल्या नाहीत. माझ्या भावजयीचा स्वतःचा म्हणावा असा पैसा तेवढाच आहे.

मागच्या वर्षी मी माहेरी गेले होते तेव्हा भांडी घासता घासता त्यांनी हळूच विचारलं, "वन्सं, तुमच्या गाडीवर मला शिकवाल का?"

म्हटलं, घरात एवढी गाडी असताना माझी कशाला?

"त्या गाडीला हात लावू देतील का हे? आन् लावू दिला तरी मलाच भ्या वाटंल. ओरखडा उठला तर जल्माचं ऐकून घ्यावं लागंल."

अगदी खरं. नव्या गाडीवर कोणी शिकू शकत नाही. शिकायला अशी गाडी लागते जिला ठोकलं तर मालक हसेल. माझी वॅगनआर त्या कामाला देवाने धाडल्यासारखी आहे. मागचा बंपर आधीच माझ्या मुलीने शिकताना भिंतीला ठोकलाय. वहिनींचं लर्निंग लायसन्स काढलं, पुढे-मागे लाल 'एल' लावला, आणि रविवारी रिंगरोडसाठी सपाट केलेल्या पट्ट्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर आम्ही जायला लागलो. आमचं स्वतःचं वावर जिथे होतं त्याच्या अगदी जवळ. मुरूम टाकलाय, मैदानासारखं मोकळं आहे.

वहिनी क्लच सोडताना श्वास धरतात आणि गाडी बंद पडली की "आई गं" म्हणतात. पहिल्या गिअरवर अख्खा रविवार गेला. पण स्टीअरिंग त्यांना पहिल्या दिवसापासून येतं, त्यांनी माझ्या वडिलांच्या मागे बसून बैलगाडी हाकलेली आहे, रस्त्याचा अंदाज पक्का. हाफ क्लच कळायला वेळ लागला. एकदा डाव्या बाजूने बाभळीला घासली. मी क्लेम केला नाही. पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जमवलाय, तो एका बाभळीपायी कोण घालवील? घासलेल्या जागी गॅरेजवाल्याने पॉलिश मारून दिलं, खूण राहिली.

हळूहळू बातमी पसरली. वहिनींची चुलत जाऊ आली. मग समोरच्या घरातली सूनबाई, त्याच स्कॉर्पिओवाल्यांची. "ताई, मलाही बसवाल का एकदा?" आता रविवारी माझ्या गाडीत तिघी-चौघी असतात, एक चालवते आणि मागच्या दोघी सूचना करतात. माझ्या खात्यावर पैसे आले म्हणून गावात बायकांनी गाडी शिकायला घेतली असं कोणी म्हटलं तर ते खोटं ठरेल. पैसे येऊनही मी गाडी बदलली नाही म्हणून त्या आल्या, हे जास्त खरं. सहा एअरबॅगची चकचकीत गाडी घेऊन गेले असते तर मीच त्यांना हात लावू दिला नसता.

दादाला आधी हे आवडलं नाही. मग एकदा तो आजारी होता, पुतण्या पुण्यात, आणि रात्री डॉक्टरकडे जायचं झालं तेव्हा फॉर्च्युनरची किल्ली खुंटीवर आणि चालवणारा कोणी नाही. शेवटी शेजारच्या पोराला उठवलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या रविवारबद्दल तो बोलत नाही.

वहिनींची पक्क्या लायसन्सची टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. रिव्हर्स अजून कच्चा आहे, आरशात बघायच्या ऐवजी त्या मान पूर्ण मागे वळवतात. त्या पास झाल्या की मी गाडी बदलणार. चार मीटरच्या आतली, पेट्रोल-सीएनजी, सहा एअरबॅग. रंग बहुधा राखाडी, धूळ दिसत नाही. आरसी बुकावर नाव माझं.

परवा दादाने विचारलं, जुनी एक्स्चेंजला देणार का, त्याच्या ओळखीचा शोरूमवाला आहे, चांगला भाव काढून देईल. म्हटलं, नाही, ती ठरलेली आहे. वहिनी घेतायत. दुधाच्या पैशातून, रोख. दादा वहिनींकडे बघत राहिला आणि वहिनी गॅसवरच्या चहाकडे.

व्यवहार मात्र अजून अडलाय. त्या ऐंशी हजार म्हणतात. माझ्या पॉलिसीवर आयडीव्ही त्याहून जास्त आहे आणि मी ती कमी करणार नाही, विम्याच्या धंद्यातली बाई आहे मी. वहिनी म्हणतात, बाभळीची खूण त्यांनीच पाडलीये, तर तिचे पैसे वजा करावेत. मी म्हणते, खूण तुम्ही पाडलीत तर ते तुमच्यावर चढवायला हवेत. येत्या रविवारी बघू.